भुवयांनी दिलेलं हो

शेवटच्या बोटीनं मास्तर गेले,
पुढच्या हेलिकॉप्टरनं खोकं आलं.
आत टॅबलेट पाच. मुलं चार.
पाचवा कुणाचा, कुणी विचारलं नाही.
मी तो कपाटात ठेवलाय, पुसते अधूनमधून.

नकाशात आमची वस्ती म्हणजे
ग्रीनलंडच्या डाव्या खांद्यावरचा तीळ.
मी इथल्या शाळेची शेगडी पेटवणारी, झाडूवाली.
आता वायरही मीच लावते.
सकाळी आठला, मध्यरात्रीसारख्याच काळोखात,
छपरावर चढून तबकडीवरचा बर्फ झाडते,
तेव्हा कुठे खाली भिंतीवर
दोर्तेबाई उगवतात,
हजार किलोमीटरवरच्या न्यूकमधल्या खोलीतून.
मागे कुंडीत हिरवं काहीतरी.
आमच्या पोरांचं झाड ते तेवढंच.

गणित आलं: एक गाडी ताशी साठ किलोमीटर वेगानं निघाली.
आपुत्सिआकनं विचारलं, किती कुत्र्यांची?
बाई हसल्या. त्यांचं हसू
नेहमीसारखं जरा उशिरा पोचलं,
तोवर आमचं हसून झालं होतं.

खोटं कशाला बोलू, तुकुम्मेकचं भलं झालं.
अकरा वर्षांची पोर. तिनं पडद्यावर
बोटानं फिरवून फिरवून हृदय पाहिलं,
आणि घरी बापाच्या सुरीखाली आलेल्या सीलचं काळीज
हातात घेऊन कप्पे दाखवले, झडपा दाखवल्या, नावानिशी.
बाप म्हणाला, तीस वर्षं कापतोय,
आत दारं असतात हे ठाऊक नव्हतं.
त्या रात्री त्यानं ते शिजवायला दिलं नाही लगेच.
दिव्याखाली धरून बसला.

पण तोंडी परीक्षेचं यंत्र मात्र अडून बसतं.
आमच्यात हो म्हणजे भुवया वर.
नाही म्हणजे नाक मुरडायचं, त्यात राग नसतो.
आपुत्सिआक तर बोलण्यात काटकसर करणारा,
आजोबांवर गेलाय,
सीलच्या श्वासाच्या भोकाशी तासन्‌तास गप्प उभा राहील असा.
यंत्र विचारतं, उत्तर समजलं का?
तो भुवया उंचावतो.
यंत्र म्हणतं, तुमचं उत्तर ऐकू आलं नाही.
तो पुन्हा उंचावतो, जरा जास्त.
पुन्हा तेच.
शेवटी मी शेगडीजवळून ओरडते,
हो म्हणतोय तो!
आणि यंत्र मला पैकीच्या पैकी गुण देतं.

मग तो दिवस आला. जवळजवळ तीन महिन्यांनी
सूर्य दिसणार होता, दुपारी, काही मिनिटं.
बाई अपूर्णांक शिकवत होत्या.
हान्सेराकच्या जुळ्यांचं लक्ष खिडकीत,
खिडकीत नुसतं तांबूस धुकं.
तुकुम्मेकनं धीर केला:
बाई, जाऊ का आम्ही बघायला?
आणि नेमकी लाईन अडकली.
बाई भिंतीवर थिजल्या,
तोंड अर्धं उघडं,
भुवया वर.

क्षणभर कुणी हललं नाही.
मग एक जुळा म्हणाला, हो म्हणाल्या!
खुर्च्या पडल्या. एक हातमोजा राहिला.
दार उघडंच टाकून चौघं टेकडीकडे.

मला कळत होतं, तबकडीवर बर्फ साचलाय.
झाडू कोपऱ्यात होता, शिडीही होती.
मी सावकाश बूट घातले.
सावकाश म्हणजे किती, ते सांगणार नाही.
छपरावर चढले खरी,
पण आधी तोंड दक्षिणेकडे केलं.
बर्फाच्या कडेवर केशरी नखाएवढं काही.
टेकडीवरून आरोळी आली,
कुत्री भुंकायला लागली गावभर.
मग मी तबकडी झाडली.

बाई परतल्या तेव्हा समोर रिकामे बाक,
आणि दारात चार लाल नाकं, धापा टाकणारी.
सुट्टी कुणी दिली?
पोरांनी माझ्याकडे पाहिलं.
मी म्हटलं, तुम्हीच.

त्या थोडा वेळ गप्प.
की लाईनच उशिरा येत होती?
मग त्यांच्या भुवया वर गेल्या,
आणि खाली आल्या.